तो एक आपला असला तर?

देवीच्या रोगाचा जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण एका इस्पितळातच नोकरीला होता. अली माओ मालिन त्याचं नाव, वय २३. सोमालियातल्या मर्का या बंदराच्या गावात तो इस्पितळाचा स्वयंपाकी होता. १९७७ च्या ऑक्टोबरात देवी आलेल्या दोन रुग्णांना विलगीकरणाच्या छावणीत नेणारी गाडी आली. वाट दाखवायला म्हणून मालिन गाडीत चढला. प्रवास काही मिनिटांचाच, पण तेवढ्यात त्याला लागण झाली. पुढे तो बरा झाला, त्याच्यापासून आणखी कोणाला देवी आल्या नाहीत, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं.

मालिनने लस घेतलेली नव्हती. इस्पितळातल्या सगळ्यांनी ती घ्यायची होती. शिवाय देवी निर्मूलनाच्या मोहिमेत काही काळ त्याने स्वतः लस टोचायचं कामही केलं होतं. तरी हा गडी कोरा तो कोराच. पुढे कारण विचारलं गेलं तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं: भीती वाटली, दुखेल असं वाटलं.

हा माणूस मला फार आवडतो. लस न घेणाऱ्यांसाठी आपण काही विशेषणं कायम तयार ठेवलेली असतात. अडाणी, अंधश्रद्धाळू, आडमुठा, फॉरवर्डवर जगणारा. मालिनला यातलं एकही चिकटत नाही. देवी म्हणजे काय हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. लस हाताशी होती आणि टोचणारे त्याच्याच ओळखीचे होते. अज्ञान, अंतर, पैसा यांपैकी काहीच आड येत नव्हतं. उतारवयात तो सोमालियाच्या पोलिओ मोहिमेत उतरला आणि डोस नको म्हणणाऱ्या आईबापांना स्वतःची गोष्ट सांगत फिरला. २०१३ साली पोलिओ त्याच्या देशात परत आला, तेव्हा पुन्हा मोहिमेवर असतानाच हिवतापाने त्याचा मृत्यू झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांची यादी काढली. त्यात लस घ्यायला कचरणं हा एक धोका होता. त्याच्या काही वर्षं आधी संघटनेच्या तज्ज्ञ गटाने या कचरण्याची कारणं तीन खणांत मांडली होती: लशीवर आणि ती देणाऱ्यांवर विश्वास नसणं, रोगाची भीतीच न उरणं, आणि लस मिळवण्यातली गैरसोय. मांडणी चांगली आहे, आरोग्य खात्यांना ती उपयोगी पडते. पण माणसं खणांत नीट मावत नाहीत. एकच बाई सकाळी मुलाला पोलिओचे थेंब पाजते आणि संध्याकाळी गोवराच्या लशीपाशी अडते. लशीला मुळापासून विरोध करणारे लोक आवाजाने मोठे, पण संख्येने थोडे असतात. खरी गर्दी मधल्या लोकांची. घेतात, पण धाकधुकीने घेतात. एक घेतात, दुसरी पुढे ढकलतात. डॉक्टरसमोर मान हलवतात आणि घरी येऊन रात्रभर मोबाइलवर शोधत बसतात.

माझी एक मैत्रीण या गर्दीतली आहे. शिकलेली, आकडेमोडीत माझ्याहून कितीतरी पुढे. तिच्या बाळाच्या गोवराच्या लशीची तारीख आली आणि ती अडली. मी माझ्या परीने तयारी करून गेले होते. या लशीने जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखाद्याला होते, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, दहा लाख मला दिसतच नाहीत. मला एकच दिसतोय. तो एक आमचा असला तर?"

मी त्यावर पुन्हा आकडाच सांगितला असता, तर तिने तो मान्यही केला असता आणि लस पुढेही ढकलली असती. तिला शक्यता कळत होती. तिला हवी होती ती पुढची गोष्ट: घडलंच काही, तर त्या दिवशी आणि त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत आमच्याजवळ कोण असेल? तेव्हापासून लशींचा इतिहास मी याच प्रश्नाच्या बाजूने वाचत आले आहे. अशा वाचनात काही जुनी माणसं वेगळी दिसायला लागतात.

बेंजामिन फ्रँकलिनचंच घ्या. १७३६ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीने गेला. तेव्हा लस नव्हती. देवीच्याच फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा, सौम्य आजार येऊ द्यायचा आणि मग जन्मभर सुटका, अशी रीत होती. ती आफ्रिकेत आणि तुर्कस्तानात आधीपासून चालू होती. बोस्टनला ती कळली ती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाकडून. त्याने आपल्या मालकाला, कॉटन मेदर या धर्मोपदेशकाला, आपल्या देशात असं करतात म्हणून सांगितलं. १७२१ च्या साथीत बॉइलस्टन या वैद्याने ती वापरून पाहिली. टोचलेल्यांतले शंभरी दोनेक दगावले, आणि आपसूक देवी आलेल्यांतले शंभरी चौदाच्या आसपास. हिशेब इतका उघड असूनही गावातले बहुतेक वैद्य विरोधात गेले. गुलामाच्या सांगण्यावरून इलाज करायचा, याची टिंगल झाली. कोणीतरी मेदरच्या घरात पेटता बॉम्ब फेकला.

फ्रँकलिन नंतर या टोचणीच्या बाजूचा झाला होता. पण मुलाचं पोट बिघडून तो अशक्त झालेला, तेव्हा बरा झाला की टोचू म्हणून ते थांबले आणि मध्येच देवी आल्या. मुलगा टोचल्यामुळेच गेला अशी अफवा उठली, ती खोडायला फ्रँकलिनला वर्तमानपत्रात खुलासा द्यावा लागला. पोरगं गेलेल्या बापाला हेही करावं लागलं. म्हातारपणी त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं की न टोचल्याची खंत आपल्याला अजून आहे. टोचल्याने मूल गेलं तर स्वतःला कधीच क्षमा करता येणार नाही, या भीतीने थांबणाऱ्या आईबापांसाठी त्याने आपला दाखला दिला. पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच, मग जी वाट कमी धोक्याची तीच धरा, असा त्याचा सल्ला.

सल्ला बिनचूक आहे. पण पश्चात्ताप दोन्हीकडे सारखा असतो, हे मला पटत नाही. रोगाने मूल गेलं तर शेजारीपाजारी येऊन बसतात, नशीब म्हणतात, हातात हात घेतात. सुईनंतर गेलं तर तेच लोक विचारतात, "पण तुम्ही दिलीतच का?" पहिल्या दुःखात माणसं सोबत असतात. दुसऱ्यात आई एकटी असते, आणि तो हात तिचाच असतो. १९९० साली इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एक काल्पनिक साथ ठेवली. रोगाने इतकी मुलं दगावतील. लस त्या रोगापासून वाचवेल, पण तिच्यामुळेही काही दगावतील, मात्र रोगापेक्षा कमी. बऱ्याच जणांनी लस नाकारली. आपण काही केल्याने होणारं नुकसान त्यांना काहीच न केल्याने होणाऱ्या मोठ्या नुकसानापेक्षा जड वाटलं. यावर ही विचारातली चूक आहे असं म्हणून मोकळं होता येतं. मला त्यात जबाबदारीची जाणीवही दिसते, फक्त ती चुकीच्या पारड्यात पडलेली. ज्याला काही वाटतच नाही, तो दोन्हीकडे बेफिकीर असतो.

रोगच दिसेनासा झाला की हे पारडं आणखी कलतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डांग्या खोकल्याने निळं पडणारं पोर किंवा घटसर्पाने घसा बंद होणारं पोर आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाही. लशीच्या जागी सुजलेली मांडी मात्र समोर असते.

सामोआची गोष्ट इथे नीट सांगायला हवी. एरवी ती आकड्यांच्या एका ओळीत उरकली जाते.

सामोआ हा पॅसिफिक महासागरातला दोनेक लाख वस्तीचा देश. जुलै २०१८ मध्ये तिथे वर्षावर्षाच्या दोन बाळांना गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस टोचली आणि काही मिनिटांत दोन्ही बाळं गेली. लस चांगली होती. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि सोबतच्या शुद्ध पाण्यात कालवून द्यायची असते. पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं, भूल देताना वापरतात ते औषध त्यात मिसळलं गेलं होतं. सरकारने लसीकरण थांबवलं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला २०१९ चा एप्रिल उजाडला. परिचारिकांवरचा खटला आणि शिक्षा ऑगस्टात. मधल्या महिन्यांत लोकांच्या हाती काय होतं? दोन बाळं टोचल्यावर गेली, आणि सरकारनेच लस बंद केली, एवढंच. या दोन वाक्यांतून कुठलीही आई जो अर्थ काढेल तोच तिथल्या आयांनी काढला. देशाबाहेरचे लसविरोधक ऑनलाइन मदतीला हजर होतेच, पण जमीन त्यांनी नांगरलेली नव्हती. २०१८ मधलं गोवराच्या लशीचं प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. गोवर पसरू नये म्हणून ९५ टक्के लागतात. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करतो असा हा रोग.

२०१९ च्या उत्तरार्धात गोवर आला. पाच हजार सातशेहून अधिक रुग्ण, ८३ मृत्यू, त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. सरकारने आणीबाणी पुकारली. ५ आणि ६ डिसेंबरला अख्खा देश बंद ठेवला आणि ज्या घरात लस न घेतलेलं माणूस असेल त्या घराने बाहेर लाल कापड लावावं असं सांगितलं. पथकं दारोदार फिरली. लोकांनी कापडं लावली आणि टोचूनही घेतलं. काही आठवड्यांत प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं.

ज्यांना काल अफवांचे बळी म्हटलं, तीच माणसं कापड लावून दारात उभी होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही त्या महिन्यांत थांबलेच असते. सुईनंतर मूल काही मिनिटांत जातं आणि असं का झालं हे कोणी येऊन सांगत नाही, अशा वेळी थांबणं हा वेडेपणा नाही. चूक कशात होती, कोणाची होती, लस का निर्दोष आहे आणि त्या दोन घरांसाठी आम्ही काय करतो आहोत, हे पहिल्याच आठवड्यात भर चौकात सांगितलं गेलं असतं तर ती ८३ मधली किती मुलं वाचली असती, याचा हिशेब कोणाला करता येणार नाही. पण काही वाचली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

बऱ्याचदा अविश्वासाचं मूळ लशीत नसतंच. ते भलतीकडे असतं. २०१८ साली १४० हून अधिक देशांत एक मोठी पाहणी झाली. लस सुरक्षित वाटत नाही म्हणणारे सर्वांत जास्त निघाले फ्रान्समध्ये, तिघांत एक. लुई पाश्चरचा देश! बांगलादेशात आणि रवांडात जवळजवळ सगळ्यांना लस सुरक्षित वाटत होती. शिक्षणाने शंका जाते म्हणणाऱ्यांनी या पाहणीपाशी थोडं थांबावं. फ्रान्सच्या पोटात एक जुनी जखम आहे. १९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या रुग्णांना एचआयव्हीने दूषित रक्तघटक दिले गेले. धोका कळल्यानंतरही ते वापरात राहिले आणि पुढे प्रकरण मंत्र्यांवरच्या खटल्यापर्यंत गेलं. त्याचा लशीशी संबंध शून्य. पण "काळजी करू नका" असं सांगणारा आवाज तोच होता, सरकारी आरोग्य खात्याचा.

नायजेरियातल्या कानोचंही तेच. १९९६ साली तिथे मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझर कंपनीने एक नवं प्रतिजैविक मुलांवर तपासून पाहिलं. काही मुलं दगावली. आम्हाला हा प्रयोग आहे हे सांगितलंच नाही, असं पालकांचं म्हणणं होतं. कानो राज्याचा खटला २००९ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच कानोने २००३ मध्ये पोलिओचे थेंब नाकारले. थेंबांत वंध्यत्वाचं औषध आहे अशी अफवा होती, आणि ती खोटीच होती. पण परदेशी लोक आपल्या मुलांवर आपल्याला न सांगता काहीतरी करून पाहतात, ही त्यामागची आठवण खोटी नव्हती. शेवटी इंडोनेशियात बनलेली लस आणायचं ठरलं, मुस्लिम देशातली म्हणून, आणि २००४ मध्ये बहिष्कार उठला. तोवर विषाणू देश ओलांडून गेला होता. २००५ साली तो थेट इंडोनेशियात पोचला, दहा वर्षं पोलिओमुक्त असलेल्या देशात.

आणि पाकिस्तानातलं अबोटाबाद. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी २०११ मध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेने तिथे हिपॅटायटिस-बी च्या लशीची बनावट मोहीम चालवली. २०१२ च्या डिसेंबरापासून पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या जाऊ लागल्या. लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही, असं अमेरिकी सरकारने २०१४ मध्ये कळवलं. ज्यांनी ही युक्ती शोधली त्यांतल्या कोणाला दारोदार फिरावं लागत नव्हतं. थेंबांची पेटी खांद्याला लावून फिरणाऱ्या बायका मात्र घराबाहेर पडल्या आणि परतल्या नाहीत. लसीकरणाच्या इतिहासात मला सर्वांत जास्त चीड येते ती या प्रकरणाची. लस न घेणाऱ्यांवर आपण रागावतो तेवढा राग इथे कोणावर धरलेला मी पाहिला नाही.

योगायोगाविषयी थोडक्यात. ज्या वयात गोवराची लस देतात, साधारण त्याच सुमारास स्वमग्नतेची (ऑटिझमची) लक्षणं आईबापांच्या ध्यानात येऊ लागतात. म्हणून एकामागून एक घडलेल्या गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने १९९८ मध्ये बारा मुलांवरच्या लेखातून हा संशय छापला. ब्रिटनमध्ये लशीचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत घसरलं. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याचा वैद्यकीचा परवाना गेला. डेन्मार्कने साडेसहा लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून संबंध नसल्याचं दाखवलं. या गोष्टीवर इतकं लिहून झालं आहे की मी पुढे जाते. फक्त एवढंच, की त्या मुलांच्या घरांतले लोक काहीतरी उत्तर शोधत होते, आणि ज्याने त्यांचं ऐकून घेतलं तो नेमका हा निघाला.

शरीरही साक्षीला येतं. कोविडच्या लशींच्या चाचण्यांत ज्यांना नुसतं मिठाचं पाणी किंवा तसलंच निरुपद्रवी काही टोचलं होतं, त्यांतल्या तिघांत एकाने पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असलं काहीतरी झाल्याचं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. डोकं खरोखरच दुखत होतं.

पण काही वेळा लशीने खरोखर अपाय होतो, आणि इथे लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज नको तेवढा खाली येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये देवीची लस सक्तीची होती आणि ती एका बाळाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याला टोचत. तशा टोचण्यातून उपदंशाची लागण झाल्याची उदाहरणं युरोपात घडली होती. १८८५ मध्ये लेस्टरला हजारो लोक सक्तीविरुद्ध रस्त्यावर आले, त्यांत वेडगळ समजुतीही होत्या आणि ही खरी भीतीही. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत विषाणू जिवंत राहिला. शंभराहून अधिक जणांना पक्षाघात झाला, दहा जण गेले. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या एका लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये मुलांना नार्कोलेप्सी हा झोपेचा दुर्धर विकार झाल्याचं तिथल्याच आरोग्य यंत्रणांनी शोधून काढलं, जाहीर केलं आणि भरपाई दिली.

१९०२ सालचं पंजाबातलं मुल्कोवालही यातलंच. हाफकिनची प्लेगची लस १०७ जणांना टोचली, त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिनने ही लस १८९७ मध्ये मुंबईत सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्याच्यावर ठपका आला, काम गेलं. बाटली उघडताना हातातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब पुढे आली, आणि रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लढून १९०७ मध्ये त्याला निर्दोष ठरवून घेतलं. पाच वर्षं. शास्त्रज्ञाला निदान लढणारे मित्र मिळाले. त्या १९ घरांचं पुढे काय झालं ते मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि हे न मिळणंच मला जास्त बोलकं वाटतं.

पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला की लशीने इजा झाली तर कोणाची चूक हे सिद्ध करायची गरज न ठेवता भरपाई द्यायची. समाजाच्या भल्यासाठी सुई टोचून घेतलीत, मग झालेल्या नुकसानाचा भार समाज उचलेल, असा तो विचार. ब्रिटनने १९७९ मध्ये केला, पण ८० टक्के अपंगत्व असेल तरच मदत, ही अट घालून. ती पुढे ६० वर आणली. म्हणजे ५० टक्के अपंगत्व आलेल्याने काय करायचं? अमेरिकेने १९८६ मध्ये केला. २०१८ पर्यंत जगात अशी सोय असलेले देश पंचवीसच्या आसपास होते, बहुतेक श्रीमंत. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाला बहुसंख्य जगात अजून कायद्याचं उत्तरच नाही, आणि तरी ती का कचरते म्हणून आपण परिषदा भरवतो.

प्रामाणिकपणा मात्र फुकटात होत नाही, त्याचीही किंमत असते. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस आली. मुलांच्या हगवणीवरची. वर्षभरात नोंदींवरून लक्षात आलं की साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडथळा होतो आहे. १९९९ मध्ये लस काढून घेतली. देखरेख चोख चालली, म्हणून हे उदाहरण अभिमानाने सांगितलं जातं. पण त्या काळी गरीब देशांत या विषाणूने दर वर्षी चार लाखांहून अधिक मुलं मरत होती, आणि पुढच्या लशी साठ हजारांहून जास्त बाळांवर तपासून २००६ च्या सुमारास बाजारात आल्या. मधल्या वर्षांत गेलेल्या मुलांच्या आयांना जर कोणी विचारलं असतं, तर त्यांनी दहा हजारांत एकचा धोका पत्करला असता का? मला वाटतं, पत्करला असता. पण त्यांना कोणी विचारलं नाही. याचं सरळ उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या देशात मूल या रोगाने मरत नाही तिथला हिशेब आणि जिथे मरतं तिथला हिशेब एकच कसा असेल?

जपानचा अनुभव जरा वेगळा. १९७४-७५ च्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याच्या लशीनंतर दोन बाळं गेली. लस थांबली, प्रमाण ८० टक्क्यांवरून १० वर आलं, १९७९ मध्ये तेरा हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू. त्यातूनच तिथल्या शास्त्रज्ञांनी कमी ताप आणणारी, जंतूचे निवडक भागच वापरणारी लस बनवली आणि १९८१ पासून दिली. आज जगातल्या कितीतरी बाळांच्या मांड्या त्यामुळे कमी सुजतात. घाबरलेल्या आईबापांचाही त्यात वाटा आहे, असं मी म्हटलं तर काही डॉक्टर रागावतील.

समजावण्याविषयी एक अभ्यास मला नेहमी आठवतो. २०१४ मध्ये ब्रेंडन नायहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नाही, हे पुराव्यासकट सांगितलं. गैरसमज कमी झाला. पण ज्यांचं मन आधीच कलुषित होतं, त्यांची लस द्यायची इच्छा उलट घटली. म्हणजे खोटं खोडलं गेलं आणि भीती जागच्या जागी राहिली.

माझ्या मैत्रिणीला नव्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तिने तोच प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "असला तर? आपण बघू. टोचल्यावर अर्धा तास तुम्ही इथेच, माझ्यासमोर बसायचं. तशी ॲलर्जी आली तर बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात येते. त्यावरचं औषध, ॲड्रेनलिन, या ट्रेमध्ये आहे, हे बघा. मी स्वतः इथे आहे. ताप आज नाही आला तरी पुढच्या आठवड्यात येऊ शकतो, तेव्हा दचकू नका, पण मला फोन करा. रात्री असला तरी करा." दहा लाखांचा आकडा त्यांनी काढलाच नाही. मैत्रीण घरी गेली, दोन दिवस विचार केला, आणि बाळाला घेऊन आली. ताप दुसऱ्या आठवड्यात आला. तिने रात्री फोन केला, बाईंनी उचलला.

आता दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली आहे आणि तिने पुन्हा प्रश्नांचा कागद केला आहे. बहुतेक जुनेच आहेत. एक नवा आहे: लशीनंतर काही झालं तर ते नोंदवायचं कुठे, आणि नोंदवलेलं पुढे वाचतं कोण? कुठे नोंदवायचं तेवढं मी तिला सांगितलं. वाचतं कोण, ते मात्र बाईंनाच विचार म्हटलं, आणि त्या काय म्हणतात ते मलाही सांग.